नेते सीमेवर जातात, त्याचा जवानाला काही उपयोग होतो का?

फलटणकर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातल्या भांडणातून आलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

भाचा पायदळात आहे. हल्लीच वरती पोस्टिंग झालं. नेमकं कुठे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. परवा फोनवर म्हणाला, "मामा, कोणीतरी मोठी असामी येणार आहे. कोण ते आम्हाला सांगितलेलं नाही, पण सकाळपासून दगडांना गेरू-चुना चाललाय." एवढं ऐकलं आणि घरात दोन तट पडले. बहीण खूश, पोरगा टीव्हीवर दिसला तर बघा म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. मेहुणे मात्र भडकले. त्यांचं म्हणणं, पोरं तिथे पहारा द्यायला गेलीत की रंगारी म्हणून? नेता येणार, मिठाईचा डबा हातात देणार, फोटो काढणार आणि तासाभरात उडून जाणार. त्यात जवानाच्या पदरात काय पडतं?

मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. फौजेत राहिलेली मंडळी इथे आहेत म्हणून विचारतो: पंतप्रधान, राष्ट्रपती, संरक्षणमंत्री पोस्टवर येतात तेव्हा आतून कसं वाटतं? आणि नंतर काही बदलतं का?

एक विनंती, कोणत्या पक्षाचा कोण किती वेळा गेला याची मोजदाद इथे नको. तो धागा दुसरीकडे चालू आहे आणि तिथे आधीच रक्तपात झालाय.

---

कट्टेकरी

मेहुण्यांच्या बाजूने एक मत. एका व्हीआयपीसाठी किती हेलिकॉप्टरं उडतात, किती सुरक्षा लागते, किती माणसं मूळ कामावरून निघतात याचा हिशेब कोणी मांडत नाही. सियाचीनच्या वरच्या पोस्टला चीता हेलिकॉप्टर एका खेपेत जेमतेम काही जेरीकॅन केरोसीन नेतं, म्हणजे तिथे एकेका खेपेला किंमत आहे. व्हिडिओ कॉल करा ना! भाषण तर तेच असतं.

---

सुभेदार_माणदेश

फलटणकर, तुमच्या बहिणीचं बरोबर आहे आणि मेहुण्यांचंही. मी मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून बेळगावला भरती झालो आणि सुभेदार होऊन घरी आलो. पलटणीचा नंबर लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आता निवांत आहे, त्यामुळे जरा लांबण लागणार. वाचायचं नसेल तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

आधी चुन्याचं बोलतो. पलटणीत "व्हिजिट आहे" असा निरोप आला की पहिली गदा येते ती जवानाच्या झोपेवर. एरवी रात्री ड्यूटी केलेला माणूस सकाळी आडवा होतो. व्हिजिटच्या आधी तोच माणूस फटीगला, म्हणजे साफसफाईच्या अंगमेहनतीला, लागलेला असतो. वाटेच्या कडेचे दगड एक गेरूचा, एक चुन्याचा असे रंगवायचे. हेलिपॅडवरचा एच ठळक करायचा. रात्री बर्फ पडला की सकाळी उकरून परत ठळक करायचा. लंगरची डेगची इतकी घासायची की तोंड दिसावं. मग रिहर्सल. त्यात टूआयसी, म्हणजे पलटणीतले दोन नंबरचे साहेब, मंत्री होतात आणि सुभेदार मेजर साहेब मंत्र्याबरोबरचे जनरल होतात. आम्हाला हसू आवरत नसे, पण हसलं की दुसरी रिहर्सल.

शेवटी ब्रीफिंग. त्यात हमखास असतं की साहेबांनी "कोई तकलीफ?" विचारलं तर उत्तर काय द्यायचं. उत्तर एकच, "नहीं साहब, सब ठीक है."

हे उत्तर पढवलेलं असतं असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पढवलेलं असतंच, पण पढवलं नाही तरी जवान तेच बोलेल. डोळ्यांसमोर आणून बघा. समोर मंत्री. त्यांच्या एका बाजूला सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, दुसऱ्या बाजूला ब्रिगेड कमांडर, मागे जीओसी, म्हणजे डिव्हिजनचे जनरल. एवढ्या बड्या साहेबांसमोर सातारच्या पोरानं काय सांगायचं, मोजे ओले राहतात म्हणून? शिवाय त्याच्या मनात अभिमानही असतो. पाहुण्यापुढे घरातली चणचण कोण सांगतं?

त्यामुळे नेता आला, हात मिळवला, "कोई तकलीफ?" विचारून गेला, तर त्या भेटीतून आनंदापलीकडे काही निघत नाही. आनंद खरा असतो हं, तो खोटा म्हणणार नाही. त्याबद्दल खाली लिहितो. पण काम व्हायचं असेल तर त्या माणसाला स्वतःला काहीतरी टोचावं लागतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो.

2003 च्या नोव्हेंबरात एलसीवर, म्हणजे नियंत्रण रेषेवर, शस्त्रसंधी झाली, त्याआधीचे दिवस. उत्तर काश्मीर. आमची कंपनी एका धारेच्या पाठीशी होती. केंद्रातले एक मंत्री येणार होते. कोण ते विचारू नका. हेलिपॅडजवळ त्यांच्यासाठी खास लॅट्रीन उभी केली होती. चार बल्ल्या, ताडपत्री, आत बादली, आरसा, साबणाची नवी कोरी वडी, टॉवेल. क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे सामानसुमान बघणाऱ्या, माणसांनी त्यावर एवढी मेहनत घेतली होती की आमची पोरं एकेक करून आत डोकावून येत होती.

हेलिकॉप्टर उतरलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती लॅट्रीन उडाली. ताडपत्री दरीत, बादली तिच्या मागं. आरशाचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंत्री उतरले, सॅल्यूट झाला, सगळं व्यवस्थित झालं. चहा झाला. थंडी आणि चहा, दोन्ही एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. साहेबांनी हळूच विचारलं, "इधर टॉयलेट किधर है?"

अधिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कारण उरली होती ती आमची डीटीएल, म्हणजे खड्ड्यावरची जवानांची लॅट्रीन. ती बंकरांपासून खाली उतारावर. वाट बर्फाची, पक्की गोठलेली. आम्ही दोर बांधला होता, तो धरून उतरायचं आणि धरूनच चढायचं. साहेबांना म्हणाले, जरा थांबा, व्यवस्था करतो. साहेब म्हणाले, व्यवस्थेला वेळ नाही.

कोल्हापूरकडचा एक नाईक त्यांच्या पुढे दिला. पायात आमच्याच स्टोअरमधले नवे स्नो बूट, तरी साहेब उतरताना घसरलेच. नाईकानं दंडाला धरलं. खाली पोचले, काम झालं, आणि चढताना मध्येच दम लागला म्हणून दोर धरून थांबले. मी चार पावलं मागे होतो, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"रात को भी यहीं आते हो?"

"जी साहब."

"बर्फ गिरती है तब भी?"

"जी साहब."

"गिरते नहीं?"

आता नाईकाला ब्रीफिंग आठवलं असणार. पण प्रश्न ब्रीफिंगमधला नव्हता. तो म्हणाला, "गिरते हैं साहब. कोई तकलीफ नहीं."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. वर आल्यावर बरोबरच्या सेक्रेटरीला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. भाषण ठरल्याप्रमाणे झालं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. पण पुढचा हिवाळा लागायच्या आत खेचरांवरून सीजीआय शीट (पन्हळी पत्रे), बल्ल्या आणि खिळ्यांच्या पेट्या वर आल्या. बंकरला लागून आडोशाची लॅट्रीन झाली. तिची डिमांड कागदावर आमच्या आधीच्या पलटणीपासून गेलेली होती. कोणी मुद्दाम अडवली होती असं मी म्हणणार नाही. खाली बसणाऱ्याला सगळ्याच डिमांड सारख्या दिसतात आणि दारूगोळ्यापुढे लॅट्रीनचा नंबर कधी लागत नाही.

कट्टेकरी, तुमच्या व्हिडिओ कॉलला माझं हे उत्तर. व्हिडिओ कॉलवर लघवी लागली तर माणूस आपल्या घरच्या बाथरूममध्ये जातो.

आता मुद्द्याचं. गिरणी कामगाराला युनियन असते. शिक्षक मोर्चा काढतात. शेतकरी रस्त्यावर दूध ओततो. फौजीला यातलं काहीच नाही आणि ते तसंच असायला हवं. राज्यघटनेच्या 33 व्या कलमानं संसदेला अधिकार दिलाय की फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क मर्यादित करता येतात. त्यामुळे आम्हाला संघटना नाही, पेपरला मुलाखत नाही. गाऱ्हाणं न्यायचं ते एकाच जिन्यानं, सेक्शनकडून प्लाटून, प्लाटूनकडून कंपनी, मग सीओ साहेब, मग वर. जिना चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण प्रत्येक पायरीवर गाऱ्हाणं थोडं धुतलं जातं, आणि दिल्लीला पोचेपर्यंत त्याचं "सब ठीक है" झालेलं असतं. लोकांनी निवडून दिलेला माणूस स्वतः येऊन उभा राहतो, तेव्हा मधल्या सगळ्या पायऱ्या तेवढ्या वेळापुरत्या गळून पडतात. भेटीचं महत्त्व मला तरी एवढंच वाटतं, पण हे एवढं पुष्कळ झालं.

आणि गंमत बघा, हे सगळ्यात चांगलं ज्याला कळलं तो संरक्षणमंत्री आयुष्यभर युनियन चालवत आलेला होता. जॉर्ज फर्नांडिस. मुंबईतले टॅक्सीवाले, म्युनिसिपालिटीचे कामगार, 1974 चा रेल्वे संप, सगळं करून हा माणूस 1998 ला संरक्षणमंत्री झाला. सियाचीनला इतक्या वेळा गेले की प्रत्येक जण आकडा वेगळा सांगतो. तिथे जवानांकडून त्यांना कळलं की बर्फावर चालणाऱ्या स्कूटरची मागणी मंत्रालयातच अडकलीय. परत येऊन त्यांनी काय केलं? ज्या बाबूंनी फाइल अडवली होती त्यांनाच सियाचीनला धाडायचा हुकूम काढला, जा आणि बघून या म्हणून. स्कूटरी मिळाल्या. कामगार पुढाऱ्याचं डोकं ते, मालकाला कामाच्या जागेवर आणून उभं करायचं. आमच्या पलटणीच्या वाट्याला ते कधी आले नाहीत. आले असते तर आमच्याशी मराठीतच बोलले असते, ही एक हळहळ आहे.

सियाचीनचं एक सांगून थांबतो, कारण टीव्हीवर बघून लोकांचा गैरसमज होतो. राष्ट्रपती कलाम 2004 च्या एप्रिलमध्ये गेले, राष्ट्रपतींनी तिथे जाण्याची ती पहिली वेळ. मनमोहन सिंग 2005 च्या जूनमध्ये गेले, ते पहिले पंतप्रधान. मोदींनी 2014 ची दिवाळी तिथे केली. 2018 ला राष्ट्रपती कोविंद आणि 2024 ला राष्ट्रपती मुर्मू जाऊन आल्या. पण पाहुणा जातो तो बेस कॅम्पला, साधारण 12 हजार फुटांवर, किंवा फार तर त्याच्या थोडं वर. सियाचीनलगतच्या साल्टोरो धारेवरच्या पोस्टी 18 हजार, 20 हजार फुटांवर आहेत. बाना पोस्ट 21 हजाराच्या आसपास. तिथे कोणी जात नाही आणि जाऊही नये. जवानाला वर चढवण्याआधी टप्प्याटप्प्यानं उंचीची सवय करून घेतात. सत्तरीच्या माणसाला थेट तिथे उतरवलं तर त्याला खाली आणण्यासाठी आणखी चार जीव धोक्यात जातील. वरच्या पोस्टला ती भेट रेडिओ सेटवर ऐकू येते. खालचा ऑपरेटर सांगतो, साहब आए थे, ओपी बाबाला (जवान ज्याला रक्षणकर्ता मानतात त्या सैनिकाच्या देवळात) मत्था टेकला, मिठाई दिली, तुमच्या वाटणीची पुढच्या सॉर्टीला, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खेपेला, येईल. कधी येते, कधी हवामान बिघडतं आणि ज्याच्या वाटणीची तो खाली उतरल्यावर खातो.

आनंदाचं म्हटलं होतं. आमच्या गावात दोन घरं सोडून एका माजी हवालदाराकडे फोटो आहे. पंतप्रधानांचा हात हातात, आणि हवालदाराचे डोळे मिटलेले, नेमकी पापणी लवली. घरच्यांनी तोच मोठा करून लावलाय. त्याच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे आधी त्या फोटोपाशी थांबले. दगडांना चुना मारलेला त्यालाही आठवतो, पण फोटो काढून टाक म्हणा बघू!

---

फलटणकर

सुभेदारसाहेब, लॅट्रीनची गोष्ट मेहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. हसले. पण त्यांचा मुद्दा कायम आहे. म्हणाले, म्हणजे लॅट्रीन उडाली नसती तर काहीच झालं नसतं!

---

जुनी_पाने

मेहुण्यांनी बरोबर नस पकडली. सुभेदारसाहेबांचा आदर ठेवून थोडी उलट बाजू मांडतो.

नुसतं जाऊन आल्यानं कळतंच असं नाही. ऑक्टोबर 1962 मध्ये लेफ्टनंट जनरल कौल स्वतः चीन सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठापर्यंत गेले होते. ते राजकीय नेते नव्हते हे मान्य, पण दिल्लीच्या मर्जीतले होते आणि दिल्लीचे डोळे म्हणूनच गेले होते. जवानांकडे त्या थंडीचे कपडे नाहीत, दारूगोळा अपुरा, हे त्यांनी बघितलं. मग उंचीनं आजारी पडून दिल्लीला आले आणि घरच्या बिछान्यातून आपल्या हाताखालच्या कोअरचा कारभार चालवला. 20 ऑक्टोबरला चिनी हल्ला आला तेव्हा नामका चूवरची ब्रिगेड तिथेच, त्याच अवस्थेत होती. बघितलं आणि काही बदललं नाही, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो, पण सह्याद्रीनं तिथे जाऊन नेमकं केलं काय हे कोणी सांगत नाही. त्यांनी 1964 पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखून घेतली. फौज 8 लाख 25 हजारांपर्यंत न्यायची, त्यात डोंगरात लढायला तयार केलेल्या पहाडी डिव्हिजन उभ्या करायच्या, त्यांना कपडे आणि हत्यारं पुरवायची. यातलं बहुतेक काम टेबलावर झालं. फाइल हलवणारा मंत्री पोस्टवर आलाच पाहिजे असं नाही, आणि पोस्टवर आलेला फाइल हलवेलच असंही नाही.

फोटोलाही मात्र मी कमी लेखणार नाही. 1965 मध्ये शास्त्रीजी पकडलेल्या पॅटन रणगाड्यावर उभे राहिले. धोतर नेसलेला तो लहानखुरा माणूस आणि पायाखाली अमेरिकी पोलादाचं ते धूड. त्या एका चित्रानं देशाला जे सांगितलं ते भाषणानं झालं नसतं. वाजपेयी 13 जून 1999 ला कारगिलला पोचले, त्याच पहाटे 2 राजपुताना रायफल्सनं तोलोलिंग शिखर घेतलं होतं आणि लढाई संपायला अजून महिना-दीड महिना होता. युद्ध चालू असताना जाणं आणि नंतर हार घालायला जाणं, यात फरक करायलाच हवा.

कॅमेऱ्याचा अतिरेक कसा होतो तेही जगानं बघितलंय. 2003 च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकेचे अध्यक्ष बुश गुपचूप बगदादला उतरले. हातात भाजलेल्या टर्कीचं ताट घेतलेला त्यांचा फोटो सगळीकडे छापून आला. ती टर्की शोभेची होती, सैनिकांना वाढलेलं जेवण दुसऱ्याच भांड्यांतून आलं. पण तिथल्या सैनिकांचा जल्लोष मात्र शोभेचा नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

---

निवृत्त_सिस्टर

पोस्टचं तुम्ही लोकांनी लिहिलंत, वॉर्डाचं मी लिहिते. लष्कराच्या नर्सिंग सेवेत होते, त्यातला बराच काळ पुण्यात.

शास्त्रीजींचं नाव निघालं म्हणून आधी तेच. 1965 च्या युद्धात हॉडसन्स हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे मेजर भूपिंदर सिंग रणगाड्यात भयंकर भाजले. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात शास्त्रीजी त्यांच्या खाटेपाशी आले तेव्हा मेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण विचारल्यावर म्हणाले, दुखतंय म्हणून नाही, माझे पंतप्रधान समोर आहेत आणि मला उठून सॅल्यूट करता येत नाही. ते वाचले नाहीत. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ही हकीकत आम्ही पोरीबाळी होतो तेव्हापासून ऐकत आलो. जखमी जवानाच्या डोक्यात व्हिजिटच्या वेळी काय चाललेलं असतं ते मी पुढे स्वतः बघितलं, आणि ते असंच असतं. एका मुलाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. रात्रभर मला विचारत होता, "सिस्टर, सॅल्यूट कसा करू?" म्हटलं, झोप रे बाबा. झोपला नाही.

व्हिजिटच्या दिवशी चादरी कडक, उशीला नवा अभ्रा, फिनाइलचा वास. पाहुणे दोन प्रकारचे असतात. बहुतेक जण खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, कारण कॅमेऱ्याला तिथून बरं दिसतं. एखादाच स्टूल ओढून उशीजवळ बसतो. जो बसतो त्याच्याशी पेशंट बोलतो. जो उभा राहतो त्याला "मैं ठीक हूँ सर" एवढंच मिळतं. सुभेदारसाहेब, तुमच्या "सब ठीक है"ची ही आमच्याकडची आवृत्ती.

3 जुलै 2020 ला पंतप्रधान लेहच्या रुग्णालयात गलवानच्या जखमींना भेटले, तेव्हा त्या हॉलच्या फोटोवरून किती गदारोळ झाला. सलाइनचे स्टँड कुठे, औषधांची टेबलं कुठे, हा वॉर्डच नाही म्हणून. कोविडमुळे तो प्रशिक्षणाचा हॉल वॉर्ड म्हणून वापरात आणलाय, असा खुलासा लष्कराला करावा लागला. मला नवल वाटलं ते विचारणाऱ्यांचं. बरा होत आलेला, निरीक्षणाखाली ठेवलेला पेशंट तसाच ताठ बसलेला असतो. ज्याला सलाइन चालू आहे त्याच्यापाशी पन्नास माणसं न्यायची असतात का?

माझं दुखणं वेगळंच आहे. जखम ताजी असते तोवर पाहुणे येतात. खडकीला 1974 पासून मणक्याला मार बसलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. व्हीलचेअरवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं तिथे आहेत. त्यांच्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून चालू आहे. तिथेही पाहुणे जातात, नाही असं नाही, पण दिवाळीला टीव्हीवर तुम्हाला बर्फ दिसतो, खडकी दिसत नाही. पुण्यातून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, हेलिकॉप्टर लागत नाही, कोणाची सॉर्टी जात नाही. कट्टेकरींचा खर्चाचा मुद्दाही तिथे निकालात निघतो.

---

कट्टेकरी

सिस्टर, शरण आलो. खडकीला तर मी रोज ऑफिसला जातो.

---

सुभेदार_माणदेश

सिस्टरताई, स्टूलवाली गोष्ट सोळा आणे खरी. बडा खान्यालाही तेच. अधिकारी आणि जवान एका पंगतीत जेवतात ती फौजेची जुनी रीत, पण आलेला पाहुणा ताट घेऊन कुठे बसतो यावर सगळं ठरतं. 2025 च्या दिवाळीत पंतप्रधान गोव्या-कारवारच्या किनाऱ्याजवळ विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवर होते, तिथेही बडा खाना झाला. बोटीवर निदान जेवण गरम राहतं. वरती डाळ ताटात पडेपर्यंत गार आणि संपेपर्यंत घट्ट.

जुनी_पाने, 1962 वर मी काय बोलणार? आमच्या जिल्ह्यातली माणसं त्या पर्वतात राहिली. तुमचं म्हणणं मान्य. जाणं पुरेसं नाही. पण एक फरक सांगतो. ज्यानं बघितलं आणि काही केलं नाही, त्याला पुढे विचारता येतं की तू तर स्वतः गेला होतास ना? ज्यानं बघितलंच नाही तो कायम म्हणू शकतो, मला कोणी सांगितलंच नाही. यशवंतरावांसारखा न बघता करणारा माणूस विरळा. बाकीच्यांना वर न्यावंच लागतं.

फलटणकर, मेहुण्यांना सांगा, लॅट्रीन उडाली नसती तर खरंच काही झालं नसतं. म्हणून तर म्हणतो, पाहुण्यासाठी फार व्यवस्था करू नये. मी जेसीओ (सुभेदाराच्या दर्जाचा अधिकारी) झाल्यावर माझ्या पोस्टवर व्हिजिट आली की एक गोष्ट करायचो. वाट साफ ठेवायचो, हत्यारं चकचकीत, पोरं दाढी करून. पण जिथे गळतंय तिथे ताडपत्री टाकायला सांगायचो नाही. गळू दे म्हणायचो. एकदा ब्रिगेडच्या एका साहेबांच्या टोपीवर थेंब पडला. त्यांनी वर बघितलं, मी पण वर बघितलं. दोघंही काही बोललो नाही.

आणि भाच्याला एवढंच कळवा: पाहुण्यानं काही विचारलं तर खोटं सांगू नको, पण जे कंपनी कमांडरच्या कानावर घातलेलं नाही ते पहिल्यांदाच पाहुण्यासमोर काढू नको. साहेब तोंडघशी पडतात आणि पाहुणा गेल्यावर तुला तिथेच राहायचंय. आधी वर सांगून ठेवलेलं असेल तर बिनधास्त बोल. कित्येकदा सीओ साहेबांनाच ते हवं असतं. ते स्वतः बोलले तर कुरकुर ठरते, जवानाच्या तोंडून आलं तर बातमी होते.

---

फलटणकर

सुभेदारसाहेब, निरोप पोचवतो. शेवटचं एक विचारू का? त्या मंत्र्यांना पुढे कोणी कळवलं का, की तुमच्यामुळे लॅट्रीन झाली?

---

सुभेदार_माणदेश

कसं कळवणार? जवान मंत्र्याला थेट पत्र लिहीत नाही, तेही त्याच जिन्यानं जायला हवं, आणि "लॅट्रीन मिळाली, आभारी आहोत" असं पत्र कोणता कंपनी कमांडर पुढे पाठवेल? रिटायर झाल्यावर मनात आलं होतं. तोवर ते मंत्री राहिले नव्हते, निवडणुकीतही पडले होते. आम्ही त्यांना मत देऊ शकलो असतो तर दिलं असतं. पण आमची सगळ्यांची नावं गावाकडच्या यादीत, पोस्टाचं मत सातारा, सांगली, कोल्हापूरला जायचं, आणि साहेब उभे होते तिकडे पार दुसऱ्या राज्यात.